मेहुणेपणाचा कागद

फजल हुर्झुक हा मी पाहिलेला सर्वांत चांगला वेल्डर. मी एकोणतीस वर्षं पाइपांचं काम केलं, आधी फिटर म्हणून, मग फोरमन म्हणून. त्यातली एकोणीस वर्षं कतारमध्ये गेली. चारशेच्या वर वेल्डर हाताखालून गेले. तेव्हा हे वाक्य मी विचार करून लिहितो आहे.

तो रायगडातल्या म्हसळा तालुक्यातला. सत्त्याण्णव साली आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. उंच, सडपातळ, बोलणं कमी. चाचणीच्या दिवशी बाकीचे घाई करत होते. याने पाइपाची कड कानशीने पुन्हा घासली, कापडाने पुसली, कोपर गुडघ्यावर टेकवून हात स्थिर केला आणि मगच सुरुवात केली. त्याला पाऊण तास जास्त लागला. मी त्याला घेतला आणि घाई करणाऱ्या दोघांना परत पाठवलं.

पाइपाचा जोड दोन माणसांचा असतो. फिटर दोन पाइप समोरासमोर आणतो आणि मधे तीन मिलिमीटरची फट ठेवतो, गोलाईभर सारखी. वेल्डर ती भरतो. फट कुठे अडीच आणि कुठे साडेतीन झाली तर वेल्डर कितीही चांगला असो, एक्स-रेमध्ये जोड नापास होतो. म्हणून आमच्याकडे जोड्या लावतात आणि जमलेली जोडी मोडत नाहीत. कामावरचा जुना विनोद आहे: फिटर नवरा, वेल्डर बायको, जोड म्हणजे लेकरू. एक्स-रेचा निकाल आला की पोरं ओरडायची, "कुणाचं लेकरू नापास झालं रे?"

फजलला मी अमान पेवेकर हा फिटर दिला. अमान मंडणगडचा, फजलहून तीन वर्षांनी लहान, बोलका, चटकन रागावणारा. बाणकोटच्या खाडीच्या एका तीरावर याचं गाव, दुसऱ्या तीरावर त्याचं, पण ओळख झाली ती कतारच्या वाळूत. दोन महिन्यांत त्यांच्या शंभर जोडांतले दोनसुद्धा परत येईनासे झाले. इतर जोड्यांचे सात-आठ यायचे.

मला त्यांच्याबद्दल कधी कळलं ते सांगता येणार नाही. एक दिवस मात्र आठवतो. नव्व्याण्णवचा जुलै. छत्तीस इंची पाइपात शिरून आतून दुरुस्ती करायची होती. अशा वेळी आतल्या माणसाच्या कमरेला दोर बांधतात आणि बाहेर एकजण टोक धरून बसतो. अमानने एका हातात दोर धरला आणि दुसरा हात पाइपात घालून फजलच्या घोट्यावर ठेवला. चार तास तसाच बसला. पाणी प्यायलाही उठला नाही.

मी म्हटलं, "अरे, मग दोर कशाला बांधलाय?"

म्हणाला, "दोराला काय कळतंय, भाऊ?"

मी पुढच्या जोडाकडे गेलो. त्याच वर्षी शेजारच्या कॅम्पातून दोन माणसांना पोलीस घेऊन गेले होते. दोघे एका पलंगावर सापडले, एवढंच कारण. काही महिने तुरुंग आणि मग थेट विमान. त्यांचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. फजल-अमानवर कुणाची नजर गेली नाही, कारण नवरा-बायको म्हणून त्यांना सगळे उघडच चिडवायचे आणि जे उघड चिडवतात ते खरं असेल असं कुणाला वाटत नाही.

दोन हजार एक साली कंपनीला दोन कामं मिळाली. एक उत्तरेला रास लफानला, एक दक्षिणेला मेसईदला. मधे सव्वाशे किलोमीटर. निम्मी माणसं इकडे, निम्मी तिकडे, असा हुकूम आला. राहायचं त्या-त्या कॅम्पात. सुट्टी एक शुक्रवारची, आणि कंपनीची बस फक्त बाजारात न्यायची. एक सवलत होती. आदल्या वर्षी दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या साइटला होते. एक पडून मेला आणि दुसऱ्याला तिसऱ्या दिवशी कळलं. कॅम्पात दगडफेक झाली. तेव्हापासून साहेबांनी नियम केला की भाऊ, बाप-लेक, मेहुणे असतील तर एकाच साइटला ठेवायचं. मात्र कागद दाखवायचा.

फजल उत्तरेच्या यादीत होता, अमान दक्षिणेच्या. मी ऑफिसात जाऊन जोडी मोडू नका म्हणून सांगितलं. तिथल्या बाबूने विचारलं, "नातं काय?" मी म्हटलं, "कामाचं." तो हसला.

दोन दिवसांनी दोघे माझ्याकडे आले. बोलला अमानच.

"भाऊ, मेहुणे चालतात ना?"

"चालतात. पण तुम्ही कुठं मेहुणे?"

"होऊ. माझी धाकटी बहीण आहे, जैतून. एकवीस वर्षांची. घरचे स्थळ बघतायत. फजलच्या घरचेही त्याच्या मागे लागलेत. आम्हा दोघांची रजा बाकी आहे. निकाहनामा आणतो, भाषांतर करून, शिक्का मारून."

फजल खाली बघत होता. मी त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"मला बायको नको होती," तो म्हणाला. "अमान म्हणतो तिला चांगलं घर मिळेल."

"मिळेलच," अमान म्हणाला. "दारू नाय, जुगार नाय, हात उगारायचा नाय. भाऊ, तुम्ही सांगा, याच्याहून चांगला नवरा माझ्या बहिणीला कुठं मिळणार?"

तो हे मनापासून म्हणत होता. मी विचार केला तो असा: ही जोडी मोडली तर रास लफानचं काम लांबेल. त्या पोरीचा विचार मनात आला नाही असं नाही. आला आणि मी तो बाजूला ठेवला. मी म्हटलं, "करा. कागद पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत ऑफिसात पोचला पाहिजे."

कागद बारा तारखेला पोचला.

पुढची पाच वर्षं दोघे एकत्र राहिले. रास लफानची तीन, मग दोहाजवळच्या वर्कशॉपमधली दोन. आता ते रीतसर मेहुणे होते. एका खोलीत राहिले तर नातेवाईक, एका ताटात जेवले तर नातेवाईक. फजल दोन वर्षांतून एकदा गावी जायचा, दोन महिने राहायचा, परत यायचा. जैतून त्याच्या घरी त्याच्या आईजवळ राहत होती. आई ताहेरुन्निसा हाडांनी अधू होती; तिचं सगळं जैतून करायची. मूल झालं नाही. लोक म्हणायचे, नवरा परदेशी, कसं होणार?

दोन हजार सहा साली फजल माझ्या हाताखाली धाकटा फोरमन झाला आणि बायकोचा व्हिसा मिळण्याजोगा झाला. त्याची आई त्याच वर्षी वारली होती. आता जैतूनला गावी ठेवायला काही कारण उरलं नाही. अमानच्या वडिलांनी फोन केला, "व्हिसा मिळतोय तर माझी मुलगी तिकडे का नाही?" जैतून आली.

दोहाजवळ मुऐदरमध्ये एका व्हिलाचे पत्रे-प्लायवूड लावून सहा भाग केले होते. त्यातल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकाची जागा यांनी घेतली. बायकोचा भाऊ म्हणून अमानही कॅम्प सोडून तिथे आला. दर दुसऱ्या शुक्रवारी मला जेवायला बोलवायचे. जैतून ठेंगणी, मजबूत बांध्याची, हात सतत चालू. मी कामाचा माणूस आहे. मला माणूस कसं काम करतो त्यावरून कळतं. तिने दोन महिन्यांत शिलाई मशीन मिळवलं. शाळेच्या मुलांचे गणवेश, साड्यांना फॉल, पडदे. तिची शिवण आतून उलटून पाहिली तरी सरळ. संजीव आणि मालविका हे पुण्याचे नवरा-बायको जवळच राहायचे. तो गॅस कंपनीत इंजिनिअर. मालविकाबाई साड्या घेऊन यायची आणि गप्पा मारत बसायची. तिनेच जैतूनला बायकांच्या इस्पितळात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीण म्हणाली, तुझ्यात दोष नाही, नवऱ्याला आण. फजलला तीन वेळा तारीख मिळाली. तीन वेळा त्याने ओव्हरटाइम घेतला. तिसऱ्यांदा मी स्वतः त्याला सुट्टी दिली होती, तरी तो वर्कशॉपला आला आणि वेल्डिंगचे इलेक्ट्रोड सुकवायची भट्टी साफ करत बसला.

जैतूनला तीन वर्षं वाटत होतं की चूक आपलीच आहे. आपण दिसायला साधी, आपण कमी शिकलेली.

दोन हजार नऊच्या जुलैच्या पहिल्या शुक्रवारी मी जेवायला गेलो. आदल्या दिवशी दिल्लीच्या हायकोर्टाने निकाल दिला होता की दोन पुरुषांचे किंवा दोन बायकांचे राजीखुशीचे संबंध हा गुन्हा नाही. हिंदी वाहिन्यांवर दोन दिवस तेच चालू होतं. कोणी नाचत होतं, कोणी धर्म बुडाला म्हणत होतं. एक पाहुणा सांगत होता, आज गुन्हा गेला, उद्या यांच्या नात्याला कायद्याने मान्यता द्या, नाहीतर हे लोक घरच्यांच्या दबावाने लग्नं करतात आणि एका बाईचं आयुष्य फुकट जातं.

फजल उठून टीव्ही बंद करायला गेला.

"राहू दे," जैतून म्हणाली.

तो थांबला. तिने चौघांची ताटं वाढली. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण. माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली. मग बसली.

"कालपासून बघतेय," ती म्हणाली. "सहा वेळा बघितलं. आधी समजलं नाय. मग समजलं."

अमान म्हणाला, "जैतून, काका बसलेत."

"काका बसलेत म्हणूनच बोलते. कागद काकांनीच मागितला होता ना, पंधरा तारखेच्या आत? तूच सांगितलंस मला, हसत हसत, लग्न घाईत का झालं ते." ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "होतं."

"जेवा," ती म्हणाली.

कुणी जेवलं नाही. ती फजलकडे बघून म्हणाली, "कोर्टाने तुमचा गुन्हा काढून टाकला. चांगलं झालं. मी वाईट म्हणत नाय. तुम्ही माझ्याशी कधी वाकडं बोलला नाय. पण आठ वर्षं झाली. मी तिशीला आले. मला मोकळी करा. महेरची रक्कम नको, दागिने नकोत. रमजानच्या आत मला घरी जायचंय."

अमान ओरडला, "लोकांना काय सांगणार? गावात सांगितलंस तर..."

"वेडा आहेस काय? माझा भाऊ आहेस तू. मी कुणाला काय सांगणार नाय." मग म्हणाली, "वांझ म्हणतील. म्हणू देत."

रमजान सात आठवड्यांवर होता. त्यातले तीन आठवडे फजलने काही ठरवलं नाही. अडचण त्याला पहिल्या दिवशीच दिसली होती. मला ती समजायला वेळ लागला. आमच्याकडेही तेच आहे, त्यांच्याकडेही तेच: बहिणीला सोडणारा माणूस भावाचा वैरी होतो. परके राहिले असते तर या दोघांना कुणी काही विचारलं नसतं. फिटर-वेल्डर म्हणून जन्मभर एकत्र राहिले असते, फार तर अधूनमधून ताटातूट झाली असती. एकत्र राहावं म्हणून नातं जोडलं आणि आता ते नातं तुटलं की गाव अमानला फजलच्या दारात उभं राहू देणार नव्हतं.

त्या तीन आठवड्यांत वर्कशॉपमध्ये अवघड जोड फजल स्वतः करत होता. मी मुद्दाम निकाल पाहिले. एकही परत आला नाही.

एकदा दुपारच्या सुट्टीत दोघे पाइपांच्या सावलीत बसले होते. मला बोलावलं.

अमान म्हणाला, "भाऊ, याला सांगा. जैतूनला गावी पाठवू. भेट म्हणून. तिथेच राहू दे. कागद राहू दे कागदाच्या जागी. गावात अर्ध्या बायका तशाच राहतात."

फजल म्हणाला, "ती मोकळी करा म्हणाली. गावी पाठवा म्हणाली नाही."

"कागदाने तिचं काय बिघडतंय?"

"दुसरं लग्न करता येणार नाही."

"आणि माझं काय होईल ते कळतंय ना तुला? अब्बा काय म्हणतील, जमात काय म्हणेल?"

"कळतंय."

"तरी?"

"अमान, ती तुझी बहीण आहे," फजल म्हणाला. "हे तू मला सांगायला हवं होतंस."

अमान उठून गेला. फजलने मला विचारलं नाही काय करू म्हणून. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे आजही मला ठाऊक नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी फजल दोहाच्या जुन्या बाजारात, सूक वाकिफमध्ये गेला. तिथे मसाल्याच्या दुकानात अबूबकर नावाचा रत्नागिरीचा वयस्कर माणूस हिशेब बघायचा; कोकणी लोकांची लिखापढी तोच करून द्यायचा. त्याने तलाकनामा लिहिला, दुकानातल्या दोघांनी साक्षी केल्या. मी बाहेर हळदीच्या पोत्यांपाशी उभा होतो. अबूबकरने विचारलं, "कारण काय लिहू? मूल नाय, एवढंच लिहितो." फजल म्हणाला, "लिहा, दोष माझ्यात आहे. तिच्यात नाही. डॉक्टरचा कागद आहे तिचा." अबूबकरने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "पोरा, पुरुष असं लिहून देत नाय. जमातीत वाचून दाखवतील." फजल म्हणाला, "वाचू देत. म्हणून तर लिहायचं."

जैतून सोळा तारखेला विमानात बसली. शिलाई मशीन मालविकाबाईकडे दिलं. फजलने तिची बॅग उचलून विमानतळाच्या आत दारापर्यंत नेली. ती म्हणाली, "वेळेवर जेवत जा."

गावच्या जमातीत, पंचांसमोर, कागद वाचला गेला. जैतूनला वांझ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. दोन वर्षांनी तिचं खेडच्या एका शिक्षकाशी लग्न झालं. त्याची पहिली बायको वारली होती. आता जैतूनला एक मुलगी आहे, असं ऐकतो. तेवढं काम फजलच्या त्या एका ओळीने केलं. पण त्याच ओळीने दुसरंही केलं. अमानच्या वडिलांनी आणि थोरल्या भावांनी म्हणायला सुरुवात केली की दोष लपवून लग्न केलं, आमच्या मुलीला फसवलं. वडिलांनी अमानला फोन केला. "फसवणाऱ्याच्या घरात राहतोस? त्याच्या भांड्यात जेवतोस? आठ दिवसांत बाहेर पडला नाहीस तर माझ्या मयताला येऊ नकोस." जमातीने कतारमधल्या गावकऱ्यांनाही कळवलं. त्यांच्यातले दोघे आमच्याच कंपनीत होते, मेसईदला. ते शुक्रवारी मुऐदरला येऊन बघून जायचे, अमान अजून तिथेच आहे का.

अमानला खरं बोलता येत नव्हतं. खरं बोलला असता तर जीव गेला असता, इथे नाहीतर तिथे. उरलेलं एकच खोटं होतं, आणि त्यात फजल गुन्हेगार होता.

अमानने बदलीचा अर्ज दिला. ऑफिसातल्या बाबूने विचारलं, "मेहुणे आहात ना तुम्ही?" अमान म्हणाला, "होतो." मेसईदची बदली एका दिवसात झाली. दहा वर्षं मी जी माणसं मागत होतो ती कधी एका दिवसात मिळाली नाहीत.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी कंपनीची बस फाटकापाशी उभी होती. गावचे ते दोघे तिच्यातच आले होते, पुढच्या खिडकीत बसले होते. अमानने सामान वर टाकलं. फजल वर्कशॉपमधून बाहेर आला आणि त्याच्यापासून चार पावलांवर थांबला.

"अस्सलाम आलेकुम," तो म्हणाला.

अमानने उत्तर दिलं नाही. हे त्याने आणि फजलने आधीच ठरवलं होतं, असं फजलने मला नंतर सांगितलं. सलाम करायचा, उत्तर द्यायचं नाही, बसमध्ये बसायचं. पण अमान बसला नाही. पायरीवर वळून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "माझ्या बहिणीची आठ वर्षं खाल्लीस. पुन्हा समोर आलास तर हात तोडीन तुझे."

खिडकीतला एकजण म्हणाला, "शाबास."

बस गेली. फाटक बंद झालं. मी फजलजवळ गेलो. तो रस्त्याकडे बघत होता.

"बरं बोलला," फजल म्हणाला. "आता कुणाला शंका येणार नाही."

अमान ते लोकांना ऐकवायला बोलला की मनातलं बोलला, हे मला कळलं नाही. फजललाही कळलं नसावं. त्याने ते अमानला कधी विचारलं नाही. विचारायला तो पुन्हा भेटलाच नाही. मी पुढच्या वर्षी काम सोडून गावी आलो, तोपर्यंत फजलला मी तीन फिटर देऊन पाहिले. तिघेही चांगले होते. तो त्यांच्याशी चांगला वागायचा. त्यांनी ठेवलेली फट मात्र तो दर वेळी स्वतः पुन्हा मोजायचा.